एक तोळा आठ मासे

ठाण्यात चरईतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. माळ्यावरून सगळ्यात शेवटी उतरला तो डालड्याचा अर्धा किलोचा पत्र्याचा डबा. त्यात फार तर जुनी बटणं नाहीतर सुतळ्या असतील अशा समजुतीने मी तो एका हाताने ओढला आणि स्टुलावरून खाली यायचा राहिलो. साडेतीन किलो भरला, हे नंतर कळलं. झाकण गंजून बसलं होतं, ते उलथन्याने उचकटलं. आत खिळे.

खिळे म्हणजे भिंतीत ठोकायचे नव्हेत, छापखान्यातले. तरुण वाचकांसाठी सांगतो. शिशाच्या एकेका दांडीच्या टोकाला एकेक उलटं अक्षर, अशा शेकडो दांड्या लाकडी केसच्या खणाखणांत ठेवलेल्या असत. त्या एकेक उचलून ओळ लावणारा तो खिळेजुळारी. आमचे अण्णा आधी गिरगावातल्या एका टाइप फाउंड्रीत खिळे ओतायचे. रोज ठाण्याहून लोकलने जायचे-यायचे. मग त्यांनी चरईतच एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं यंत्र, टाकलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेशोत्सव मंडळांच्या पावत्या. ऑफसेट आलं, डीटीपी आलं आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सगळा टाइप मी भंगारवाल्याला किलोवर घातला. अण्णा त्या दिवशी तलावपाळीला जाऊन बसले होते. हा डबा त्यांनी कधी बाजूला काढला, देव जाणे.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ताईला डबा दाखवला. ताई अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉयसीला, मुलाकडे असते. तिच्या मागून भाच्याने डोकं पुढे काढलं.

"मामा, भंगारात घालू नकोस हं! तू विकलास ना मागे, त्याच्यासाठी इथे लोक जीव टाकतात."

"कशाला? छापखाने काढतायत?"

"नाही रे. गोळ्या ओततात."

हे मला माहीत होतं, पण विसरल्यासारखं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी ताईकडे गेलो तेव्हा भाच्याचं गॅरेज पाहिलं होतं. बंदुकांचं मला प्रेम नाही, घरात बंदूक असणं तर अजिबात पटत नाही. त्यावरून पहिल्याच आठवड्यात आमची वाजली होती, ताईने मधे पडून मिटवलं. पण गॅरेजमध्ये पाऊल टाकलं आणि नाकात जो वास शिरला, त्याने मी दारातच थबकलो. वितळलेल्या शिशाला स्वतःचा वास फारसा नसतो. वास असतो तो त्यात टाकलेल्या मेणाचा. मेण टाकून ढवळलं की धूर होतो, मळी वर येते आणि खालचा धातू आरशासारखा लख्ख होतो. अण्णांच्या सदऱ्याला हा वास असायचा. चाळीस वर्षांनी तो मला आयडाहोत भेटला.

भाचा काय करतो ते आधी सांगतो. त्याच्याकडे चव्वेचाळीस मॅग्नमचं, म्हणजे ०.४४ इंच नावाच्या जोरदार काडतुसाचं, रिव्हॉल्व्हर आहे. त्याची काडतुसं तो विकत आणत नाही, घरीच भरतो. काडतुसाचे भाग चार: पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडावर गोळी. झाडून झाल्यावर पितळ वाया जात नाही. वापरलेली टोपी काढायची, फुगलेली नळी साच्यातून दाबून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, गोळी बसवायची आणि नळीची कड गोळीच्या खाचेत वळवून घट्ट करायची. त्या नळीलाही केसच म्हणतात. "मामा, पन्नास केस भरायच्यात," असं तो म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लाकडी खणच आले.

गोळीही तो स्वतःच ओततो, आणि चांगली जड. अण्णा आणि तो एकमेकांना ज्या जागी भेटतात ती ही.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, कथील २३२ला आणि अँटिमनी ६३१ला. गंमत अशी की शंभरात सुमारे चौऱ्याऐंशी भाग शिसं, बारा भाग अँटिमनी आणि चार भाग कथील घेतलं, तर ते मिश्रण २४० अंशांच्या आसपासच पाण्यासारखं पातळ होतं, निव्वळ शिशाच्या कितीतरी आधी. हाच लायनोटाइपचा धातू. ओटमार मर्गेंथेलरचं ते ओळीच्या ओळी ओतणारं यंत्र १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये लागलं आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगातली वर्तमानपत्रं त्यावर निघाली. वर्तमानपत्रांनी ती यंत्रं मोडीत काढल्यावर अमेरिकेतल्या गोळ्या ओतणाऱ्यांची चंगळ झाली. हाताने जुळवायच्या खिळ्यांचा धातू याहून कडक असतो, त्यात अँटिमनी जास्त. अँटिमनीने धातू कडक होतो आणि थिजताना आक्रसतो कमी, म्हणून वेलांटीचं टोकसुद्धा धारदार उठतं. कथलाने तो साच्याच्या कोपऱ्यांत नीट शिरतो. अण्णा हे तिघांच्या स्वभावावरून सांगायचे: शिसं गरीब, अँटिमनी तापट, कथील मध्यस्थ.

तापटपणाचा अनुभव मी लहानपणीच घेतला होता. शाळेतला एक मित्र चेंदणी कोळीवाड्यातला. त्याचे वडील खाडीत पाग टाकायचे. पागाच्या घेराला शिशाची वजनं लागतात, ती सारखी गळून पडत. आम्ही दोघांनी ठरवलं की आपण ओतून द्यायची. अण्णांच्या तुटक्या टाइपच्या टोपलीतून ओंजळभर खिळे ढापले, पंपाच्या स्टोव्हवर लोखंडी पळीत वितळवले, विटेत कोरलेल्या पन्हाळीत ओतले. चकचकीत पट्ट्या निघाल्या. ऐटीत घेऊन गेलो. त्याच्या बाबांनी एक पट्टी जाळ्याच्या दोरीवर धरली, वाकवून ठोकायला हातोडी मारली आणि पट्टीचे दोन तुकडे झाले. दुसरी घेतली. तिचेही तेच. त्यांनी तुकडा डोळ्याजवळ नेला, त्याची दाणेदार फोड बघितली आणि म्हणाले, "यो शिसा नाय रं, काच हाय." दोरीभोवती वळायला शिसं मऊ लागतं, नखाने चरा उमटेल इतकं. आमचं शिसं अक्षरांसाठी घडवलेलं होतं, दोरीसाठी नव्हे.

भाच्याचीही नेमकी हीच अडचण. फक्त त्याला दोरीभोवती गोळी वळवायची नाही, रिव्हॉल्व्हरच्या नळीतून जायला लावायची आहे, जिला आतून गोळीला फिरकी देणारे चरे पाडलेले असतात. निव्वळ शिशाची गोळी मॅग्नमच्या दाबाखाली चरे नीट पकडत नाही, घसरते, आणि तिचा मुलामा नळीला आतून बसतो. तो खरवडून काढण्यात अख्खा रविवार जातो. निव्वळ खिळ्यांची ओतली तर ती ठिसूळ, हाडावर आपटली की तिचेही तुकडे होणार. म्हणून तो मोटारीच्या चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं गोळा करतो, त्यात थोडा छपाईचा धातू मिसळतो. हल्ली चाकाची वजनं जस्ताची यायला लागल्यापासून त्याला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणजे भांडं त्याच्या खाली ठेवलं तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. एकदा का ते आत विरघळलं की घाण्यातला सगळा धातू चिकट होऊन बसतो, साच्यात नीट उतरतच नाही.

आणि एक गोष्ट त्याने मला पटवली, जी मी उलटी समजत होतो. नळीत शिसं बसतं ते धातू मऊ असल्यामुळेच असं नाही. बहुतेक वेळा गोळी नळीला किंचित सैल असते, तिच्या कडेने तापलेला वायू पुढे निसटतो आणि तोच तिला खरवडतो. कडकपणापेक्षा माप महत्त्वाचं. चव्वेचाळीस म्हणतात त्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात ०.४२९ ते ०.४३० इंच असतो, ०.४४ नव्हे. नाव जुन्या काळापासून चिकटलेलं. 

पहिल्या पंधरावीस गोळ्या तो ओतून परत भांड्यात टाकायचा. साचा थंड असला की गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला की ती दुधाळ, बर्फाळलेली दिसते. मधला लख्ख रंग आला की मग थांबायचं नाही. ओत, मोज पाचपर्यंत, वरची पट्टी ठोकून शेपूट तोड, साचा उघड, टॉवेलवर पाड, मिट, ओत. अण्णा सांगायचे, हाताने ओतणारे जुने कारागीर धातू आत गेला की साच्याला वर एक झटका द्यायचे, म्हणजे तो अक्षराच्या कानाकोपऱ्यांत पोचायचा. हे भाच्याला सांगितल्यावर त्याने गंभीरपणे एकदा करून बघितलं. काही फरक पडला नाही, पण आम्ही दोघं खूश.

पाण्याचं मात्र दोघांचंही एकच म्हणणं. वितळलेल्या शिशात ओली वस्तू गेली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि भांडं अंगावर येतं. फाउंड्रीत एका पावसाळ्यात कुणीतरी भिजलेले जुने खिळे तसेच भट्टीत लोटले होते. अण्णांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत पांढरे ठिपके होते, तांदूळ सांडल्यासारखे. आई त्यांना रोज गुळाचा खडा द्यायची, शिसं बाधू नये म्हणून. गुळाने काही होत नाही. खरी काळजी ती वेगळी: हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही आणि मळीची धूळ उडवायची नाही, कारण शिसं पोटात जातं ते बहुतेक हातावरून आणि धुळीतून. भाचा दर वर्षी रक्तातलं शिसं तपासून घेतो. अण्णांचं कुणी तपासलं नाही.

एल्मर कीथ हे नाव भाच्याच्या तोंडी इतक्यांदा यायचं की ताई म्हणाली, हा याचा दुसरा मामा. कीथ १८९९चा, आयुष्यभर गुरं-घोडे राखले, शिकारी नेल्या आणि बंदुकांवर लिहिलं. राहायचा आयडाहोतल्याच सॅमन गावी. लहानपणी आगीत होरपळून त्याचा हात वाकडा झालेला. मोठी हॅट, तोंडात चिरूट. ०.४५ इंची काडतुसांत जास्त दारू भरता भरता त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटलं, तेव्हा तो चव्वेचाळीस स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसाकडे वळला. कारण साधं आहे: रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं ठेवायच्या फिरत्या चक्राचा घेर तेवढाच, भोकं किंचित लहान, म्हणजे मधल्या भिंती जाड. मग चपट्या नाकाच्या, खांदा असलेल्या अडीचशे ग्रेनच्या गोळ्या स्वतः बेतून, स्वतः ओतून त्याने ते काडतूस इतकं ताणलं की कंपन्यांच्या मागे भुणभुण लावायची त्याला सोयच झाली. चव्वेचाळीस मॅग्नम स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टनने मिळून १९५५ साली आणलं. नव्या काडतुसाची नळी जुन्या स्पेशलपेक्षा मुद्दाम इंचाचा आठवा भाग लांब ठेवली, कुणी चुकून जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालू नये म्हणून. एवढ्याशा लांबीत किती जणांचे हात वाचले असतील!

ग्रेनची भानगड मला बॉयसीत उलगडली नव्हती, ती परवा ठाण्यात उलगडली. ग्रेन म्हणजे जवाचा दाणा, ६४.८ मिलिग्रॅम. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचा, चांदीचा रुपयाही तेवढाच. बारा मासे म्हणजे तोळा, तर मासा १५ ग्रेनचा. म्हणजे भाचा ज्या ३०० ग्रेनच्या गोळ्या ओततो ती एकेक गोळी एक तोळा आठ मासे! आईच्या पाटल्यांच्या हिशेबातली भाषा. (आताचा दहा ग्रॅमवाला तोळा नव्हे, जुना, ११.६६ ग्रॅमचा.) जांभळी नाक्याजवळच्या आमच्या सोनाराकडे डब्यातले मूठभर खिळे नेले आणि म्हटलं, १९.४४ ग्रॅम भरेपर्यंत ठेवत जा. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण ठेवले. चार खिळे आणि एक बारका. त्या पाचांना तळहातावर घेऊन मी बराच वेळ उभा होतो. एवढं वजन ताशी हजारभर किलोमीटरच्या वर धावतं हे त्याला सांगितलं नाही.

एवढं जड कशाला, हे मी भाच्याला विचारलं होतं. पुस्तकी उत्तर असं, की जड, चपट्या नाकाची कडक गोळी फुलत नाही, वळत नाही, मोठ्या जनावरात सरळ आरपार जाते. तिकडे एल्क नावाची मोठी हरणं आहेत, अस्वलं आहेत. भाच्याने आजवर एकही जनावर मारलेलं नाही. डोंगरात फिरताना कंबरेला असावं म्हणून, असं म्हणतो. मला वाटतं, त्याला ओतायला आवडतं, बाकी सगळी सबब. शिवाय शिशाचं तिकडेही काही खरं नाही. मारून टाकलेल्या जनावरातलं शिसं खाऊन कॉन्डॉर गिधाडं मरतात म्हणून कॅलिफोर्नियाने जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. त्यावर तो गप्प असतो, हे मला आवडतं.

गोळीच्या कंबरेला आडव्या खाचा असतात, त्यात वंगण भरायचं. तो ते भरत होता आणि बायकोने मागून विचारलं, "गाईची की डुकराची?" शाळेत अठराशे सत्तावन घोकलेल्या कुणालाही हाच प्रश्न पडणार. भाचा तिकडेच वाढलेला, त्याला कळलंच नाही. मग ताईने त्याला मंगल पांडे सांगितले. बराकपूर, २९ मार्च १८५७. तो ऐकून म्हणाला, "मामी, हे मधमाशीचं मेण आणि मोटारीच्या ग्रीसच्या जातीचं काहीतरी आहे, सोवळ्यात चालेल." मला अण्णांची गोष्ट आठवली. छापील पोथीच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं तिला शिवत नसत, तेव्हा मुंबईत छापखानेवाल्या गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असं सांगतात. म्हणजे चरबीचा घोळ छापखान्यात सत्तावनच्या आधीच येऊन गेला होता आणि तिथे तो तुपावर मिटला.

रेंजवर मी गेलो, झाडली एकच. मनगटातून खांद्यापर्यंत जे गेलं ते पुन्हा नको. पण त्यानंतर भाच्याने केलं ते बघण्यासारखं होतं. सहा काडतुसं भरली, पाच झाडली, सहावं बाहेर काढलं आणि कॅलिपरने त्याची लांबी मोजली. कशासाठी? तर बार होतो तेव्हा रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे येतं. चक्रातली उरलेली काडतुसंही त्याच्याबरोबर मागे ओढली जातात. पण त्यांतल्या गोळ्या जड, त्या जागच्या हलायला तयार नसतात. नळी मागे जाते, गोळी तिथेच राहते, म्हणजे नळीतून पुढे सरकते. चारपाच बारांत नाक चक्राच्या बाहेर डोकावलं की चक्र फिरायचं थांबतं. समोर अस्वल असलं तर झालंच कल्याण.

मी म्हटलं, हे मला शिकवू नकोस. ठाण्याला फास्ट लोकल झटका देऊन सुटते तेव्हा काय होतं? गाडी पुढे जाते, माणसं जागच्या जागी राहू बघतात आणि मागच्याच्या अंगावर जातात. ज्याने कडी धरलीय तो तेवढा गाडीबरोबर जातो. आणि जितका माणूस वजनदार तितकी कडी घट्ट धरावी लागते. नळीची कड गोळीच्या खाचेत दाबून वळवतात ती हीच कडी. सहाव्या काडतुसाची लांबी केसभरही वाढली नव्हती. भाच्याने कॅलिपर मला दाखवला, अण्णा प्रूफावर शेवटची सही करून द्यायचे तसा.

प्रूफ तर तो अक्षरशः वाचतो. दारू भरलेल्या पन्नास केस लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो आणि गोळी बसवण्याआधी बॅटरी घेऊन एकेकीच्या तोंडात डोकावतो, सगळ्यांत पातळी सारखी आहे ना. एखादीत चुकून दोनदा भरली गेली तर रिव्हॉल्व्हर हातात फुटेल. हलक्या गोळीचा हिशेब जड गोळीला लावायचा नाही, हाही त्याचा दंडक. जड गोळी लांब असते, नळीत खोल बसते, दारूला जागा कमी उरते आणि दाब अवाच्या सवा वाढतो. त्या वेळी गॅरेजमध्ये रेडिओ बंद, फोन बाहेर, ताईलाही आत यायला मनाई. पत्रिकेत वराच्या वडिलांचं नाव चुकलं तर अण्णा रात्रभर बसून चिकट्या लावायचे. इथे शुद्धिपत्र जोडायची सोय नाही.

आपल्याकडे हे काहीच शक्य नाही, आणि बरंच आहे असं मला वाटतं. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. ते काम खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतं, १८६९पासून, सरकारी भिंतींच्या आत. बॉयसीहून निघताना भाच्याने आठवण म्हणून एक रिकामी पितळेची नळी माझ्या खिशात घातली होती. ताईने ती विमानतळावर जायच्या आधी काढून घेतली. मुंबईला उतरल्यावर बॅगेत ती सापडली असती तर पोलिसांना लायनोटाइप आणि गणपत कृष्णाजी समजावून सांगत बसलो असतो.

तर परवाच्या कॉलवर भाचा म्हणाला, "मामा, सगळे नकोत. एकच खिळा पाठव. वितळवणार नाही, शप्पथ."

"कुठलं अक्षर?"

त्याने विचारही केला नाही. "ळ. इथे कुणालाच म्हणता येत नाही."

रात्री वर्तमानपत्रावर डबा उपडा केला आणि आरशात बघितल्यासारखी उलटी अक्षरं निवडत बसलो. ळ तीन निघाले. दोघांचे चेहरे पार झिजलेले. पत्रिकांतल्या 'मंगळवार', 'वेळ', 'स्थळ' यांनी त्यांची वाट लावलेली. तिसरा कोरा होता, बहुधा कधी शाईच न लागलेला, कडा इतक्या धारदार की बोटाला जाणवत होत्या.

पुढच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरचे एक जण मुलीकडे सिअॅटलला चाललेत. ताईसाठी भाजणी आणि मेतकूट देतोय, त्यातच कागदात गुंडाळून झिजलेल्यांपैकी एक ळ ठेवला. चांगला होता तो माझ्याकडेच आहे.